पाळीच्या जागी रात

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "आप्पा, इतकी वर्षं तुम्ही गाण्यांच्या कॅसेट काढल्या. गाणी लिहिणाऱ्यांचे किस्से लिहून द्या. कोणतं गाणं कोणावर होतं, वगैरे. लोकांना आवडतं." लोकांना आवडतं हे मला माहीत आहे. त्या आवडीच्या जोरावर मीही एके काळी माल खपवला आहे. पण खमंग काही हाती लागेल या आशेने जे वाचायला बसले असतील त्यांनी खुशाल पुढचं पान उलटावं. दिवाळी अंकात पाककृती असतातच.

माझी रेकॉर्डिंगची खोली सुरतेत, नवागामला होती. नव्वदच्या दशकात तिथली गल्ली न् गल्ली आमच्या खानदेशी माणसांनी भरलेली. बाप्ये लूमवर, बाया घरी बसून साड्यांना लेस लावणार, आणि पोरं शाळेतून घरी येईपर्यंत निम्मी गुजराती झालेली. मी अमळनेरकडून आलो तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा म्हणून. पुढे माझे समोरचे दात गेले. क्लॅरिनेटवाल्याचे समोरचे दात जाणं म्हणजे सुताराची बोटं जाण्यासारखंच. वाजवता येत नाही तर निदान दुसऱ्याचं भरून तरी ठेवू, म्हणून जुनी मशीन घेऊन बसलो. आमच्या धंद्यात गाणं रेकॉर्ड करत नाहीत, भरतात. "आप्पा, कानबाईनी गानी भरनी शेत," असं म्हणत लोक यायचे; कानबाई ही आमच्याकडची देवी.

आताच्या पोरांना कॅसेट हीच पुराणातली वस्तू वाटते, म्हणून धंदा थोडक्यात सांगतो. एक मूळ कॅसेट, आणि तिला तारांनी जोडलेले सहा टेप. मूळ कॅसेट वाजली की सहाही टेपांवर तिच्या नकला उतरत. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागे. त्यात घाई चालत नसे, आणि त्या तासात मला तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं लागे. खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे ट्रे. एवढं करून उपयोग काय, तर पलीकडच्या भिंतीला लागून लूमचं खातं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. लाईट असली की साचे, म्हणजे लूम, चालू, म्हणजे दिवसभर खटखट. साचे थांबले की समजायचं लाईट गेली, म्हणजे माझी मशीनही थांबली. शांतता आणि वीज या दोन गोष्टी देवाने मला एका वेळी कधी दिल्या नाहीत. शेवटी ट्रकची बॅटरी आणून जोडली, तेव्हा कुठे लाईट गेल्यावर गाणी भरता येऊ लागली. तरी दर वेळी लाईट जायची वाट बघवत नसे, म्हणून माझ्या कॅसेटींत कान देऊन ऐकलं तर मागे कुठेतरी खटखट ऐकू येतेच. गावाकडचे लोक म्हणायचे, तुमचा ढोलकीवाला एकसुरी आहे.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक लूम कारागीर बायकोला पत्राऐवजी आपला आवाज भरून पाठवायचा. माझ्यादेखत बोलायची त्याला लाज वाटे, म्हणून मी बटण दाबून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. तो पाच मिनिटं बोलायचा आणि उरलेला अर्धा तास नुसता बसून राहायचा. मी एकदा म्हटलं, अरे, बोलणं संपलं तर बाहेर ये ना. तर म्हणाला, "ती बठ्ठं आयकस, आप्पा. मी बसेल शे हाईबी तिले आयकू येस." बठ्ठं म्हणजे सगळं, नुसतं बसणंसुद्धा. त्या कॅसेटींतला एक शब्द मी कधी ऐकला नाही याचा मला अभिमान होता. दुसऱ्याच्या खाजगीत डोकावत नाही हा अभिमान पुढे फार दिवस टिकला नाही.

गाणी लिहिणारे मात्र चार दिवसांतच मला कळू लागले, म्हणजे आपल्याला ते कळत नाहीत हे कळू लागलं. एक गृहस्थ दारूच्या दुष्परिणामांवर पदं लिहायचे. प्यायल्यावर जीभ कशी जड होते, पायरी कशी दिसत नाही, इतकं बारीक लिहायचे की ऐकणारा म्हणे, हा पक्का पिणारा असणार. त्या माणसाने उभ्या जन्मात चहासुद्धा घेतला नव्हता. दुसरे एक आईवर लिहायचे. त्यांची गाणी लागली की बायका डोळ्यांना पदर लावायच्या, आणि त्यांची स्वतःची आई गावाकडे दारात बसून वाट बघायची, की पोरगा निदान आखाजीच्या सणाला तरी येईल. गाणं म्हणजे काही कोर्टातला जबाब नव्हे, हे यावरून माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण ध्यानात येणं आणि वेळेवर ध्यानात राहणं यात फरक असतो.

भिकन माझ्याकडे आला तो पंचाण्णवच्या उन्हाळ्यात. या लेखातली नावं मी बदलली आहेत, हे इथेच सांगतो. तो लूमवरचा कारागीर, वय तिशीच्या पुढे, बायको-मुलं गावाकडे. लूमवरच्या माणसांचा कान कमी झालेला असतो, म्हणून ती मोठ्याने बोलतात. भिकन बोलतही मोठ्याने आणि गातही मोठ्याने, पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा. त्याने खिशातून वहीचा कागद काढला, आणि मान खाली घालून गाणं म्हणून दाखवलं. चाल लक्षात राहावी म्हणून मी एका जुन्या कॅसेटवर ते भरून घेतलं. त्यातलं थोडं इथे देतो. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं, मनी म्हणजे माझी आणि उनी म्हणजे आली, एवढं माहीत असलं की बाकी कळतं.

तू उठस, मी जपस,
एकच गोधडी दोन्हीसनी.
तुनी पाळी सरनी, मनी पाळी उनी,
उब राही गयी, तोंड नही दिसनं.

पुढे आणखी एक कडवं होतं. त्यात, तू ताटात भाकरीचा तुकडा माझ्याकरता झाकून ठेवतोस किंवा ठेवतेस, असं होतं. 'किंवा' अशासाठी म्हटलं, की अहिराणीत 'ठेवस' म्हटलं तर बाई की बाप्या ते कळत नाही. आणि शेवट असा होता:

आते तू नही, दोन्ही पाळ्या मन्याच,
गोधडी मातर थंडीगार.

चाल अशी होती की एकदा ऐकली की डोक्यातून जाईना. मला वाटलं, प्रेमाचं गाणं आहे, आणि भिकनच्या आवाजात हे कोणी घेणार नाही. बाईचा आवाज पाहिजे. माझ्याकडे शोभा नावाची गाणारी होती, उधन्याच्या शाळेतल्या मास्तरांची बायको, गोड गळ्याची. तिच्या हातात कागद देण्याआधी मी तो पुन्हा वाचला आणि 'मनी पाळी उनी' या ओळीवर अडकलो. आता ही ओळ एका बाईच्या तोंडी घालायची म्हणजे काय? लग्नाच्या मांडवात भोंग्यावर हे वाजलं तर लोक मला जोड्याने मारतील. मराठीत पाळी या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे तो कोणाला सांगायला नको. मी पेन घेतला आणि जिथे जिथे पाळी होतं तिथे तिथे रात केलं. चालीतही बसत होतं. रातपाळीतली पाळी कापली आणि रात ठेवली, त्यात काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगितलं. शोभाने खोडलेलं बघून विचारलं, "का बदललं, आप्पा?" मी म्हटलं, तू गा.

कॅसेट तयार झाल्यावर भिकनला बोलावून ऐकवली. तो स्पीकरला कान लावून बसला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "रात?" मी म्हटलं, अरे, तुझी पाळी बहुतेक रात्रीचीच ना, मग रात काय नि पाळी काय. तो उठून गेला. बाईच्या आवाजात आपलं गाणं ऐकून माणूस खूश होतो, तसा तोही झाला असणार, असं मी धरून चाललो.

गाणं असं चाललं की सहा टेप पुरेनात. त्या लग्नसराईत नवागाम-दिंडोलीत एकही वरात त्या गाण्याशिवाय गेली नाही. कामरेजपासून बारडोलीपर्यंत जिथे म्हणून आपली माणसं होती तिथून मागणी आली, आणि एसटीच्या पिशव्यांतून ते खानदेशातही पोचलं. गाणं चाललं तसा प्रश्नही चालला: ती कोण? माझ्या ओट्यावर बसून लोक तासन् तास तोच काथ्याकूट करायचे. बायको गावाकडे, मग गोधडीत कोण? रात सरली, रात आली, तोंड दिसलं नाही, म्हणजे अंधारातलं प्रकरण. 'दोन्ही राती मन्याच' या ओळीवर तर वाद झाले. त्या दोन राती कोणत्या, यावर एकाने दिवाळीच्या सुट्टीचा हिशोब मांडला, दुसऱ्याने होळीचा. ते वाद ऐकणारा प्रत्येक जण जाताना एक कॅसेट घेऊन जाई, घरी जाऊन पुन्हा ऐकायला.

मला कोणी विचारलं, आप्पा, तुम्हाला तर माहीत असेल, की मी नुसता हसायचो आणि म्हणायचो, "तुम्हीच वळखा." माहीत मला काहीच नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर वाद तिथेच थांबला असता. हे माझं वागणं मी आज कुठल्याही भाषेत झाकू शकत नाही.

लोकांनी ओळखलं. भाकरीचा तुकडा झाकून कोण ठेवणार? जी भाकरी करते ती. आणि भिकन जेवायला कुठे जातो? इमलबाईच्या खानावळीत. झालं. इमलबाई विधवा. नवरा लूमवरच होता, तापाने गेला. त्यानंतर तिने दोन खोल्यांत खानावळ मांडली आणि वीस-पंचवीस कारागिरांना दोन वेळ वाढून मुलीला शाळेत घातलं होतं. नवागामात तिच्याकडे वाकड्या नजरेने कोणी बघत नसे, कारण तिच्या हातात कायम पळी असे आणि ती पळी कधी कधी हवेतही फिरे. पण गाण्याला पळीने मारता येत नाही. पोरं तिच्या दारासमोरून जाताना ते गुणगुणू लागली. भिकनच्या कानावर हे आल्याबरोबर त्याने तिच्याकडे जेवणं सोडलं, तिचं नाव वाचावं म्हणून. त्यावर लोक म्हणाले, बघा, सापडले तसे वेगळे झाले.

याच दिवसांत भिकन एकदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आप्पा, ती रात काढी टाका. पाळी टाका." एवढंच. मी म्हटलं, आता लग्नसराई चालू आहे, पुढच्या खेपेला बघू. तो आल्या पावली परत गेला. सहाही टेप तेव्हा चालू होते. भिकन एवढा अर्धा दिवस मोडून एका शब्दासाठी का आला, याचा मी विचारही केला नाही.

आषाढात इमलबाईचा दीर तुळशीराम गावाहून आला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात माझी कॅसेट होती. वहिनीने खानावळ बंद करावी आणि मुलीला घेऊन गावी यावं, घराण्याची शोभा झाली तेवढी पुरे, असं त्याचं म्हणणं. मुलगी नववीत होती. गावी गेली असती तर वर्षाच्या आत तिचं लग्न लावून दिलं असतं, आणि इमलबाई दिराच्या चुलीपुढे बसली असती. तिने दिराकडून दोन दिवस मागून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत येऊन उभी राहिली.

मी घाबरलो होतो. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार, आणि त्या मला लागूही होत्या. पण ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, गाणं लावा. येता-जाता कानावर पडलं होतं, पण सबंध तिने एकदाही ऐकलं नव्हतं. मी लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर तिने हात वर केला. मी टेप थांबवला.

"दोन्ही राती म्हंजे काय, आप्पा?" तिने विचारलं. "एक दिनले रात एकच ऱ्हास. दोन कोठून उन्यात?"

मी म्हटलं, असं कवितेत असतं.

"नही," ती म्हणाली. "दोन पाळ्या ऱ्हातीस. हाई रात कोनी टाकी?"

महिनाभर अख्खं नवागाम त्या दोन रातींचा हिशोब मांडत होतं, आणि त्या ओळीला अर्थच नाही हे कोणाला दिसलं नव्हतं. तिला दिसलं, कारण भिकनच्या मनात काय होतं याचा शोध ती घेत नव्हती. ती गाण्यात काय म्हटलंय ते ऐकत होती. मग तिनेच मला, लहान मुलाला सांगावं तसं, ते गाणं समजावून सांगितलं. भिकन राहायचा त्या खोलीत बारा माणसं आणि सहा खाटा. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा, अशा दोघांत एक खाट आणि एक गोधडी. सकाळी सातला एक लूमवरून येतो, दुसरा जातो. एकाची ऊब गोधडीत असते तोवर दुसरा तीत शिरतो. साचाही तोच, खाटही तीच. अशा माणसाला लूमवाले जोडीदार म्हणतात. सुट्टीच्या दिवशी बारा माणसं त्या खोलीत मावत नाहीत, म्हणून भिकनचा जोडीदार बारडोलीला बहिणीकडे जायचा. चार वर्षं दोघांची गाठ पडायची ती सकाळ-संध्याकाळ साच्यापाशी, तीही त्या खटखटीत. इमलबाई दोघांना वाढायची, पण एका वेळी कधीच नाही. जोडीदार आपल्या ताटातली अर्धी भाकरी झाकून ठेवायला सांगायचा, कारण भिकनला भूक जास्त. मग चौऱ्याण्णवची प्लेगची साथ आली, अर्धी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली, त्यात तोही गेला. लोक परत आले, तो आला नाही. तो कुठे गेला, आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. बारडोलीची बहीणही तिथून उठून गेली होती. तेव्हापासून खाट दोन्ही पाळ्यांना भिकनचीच होती.

"हाई प्रेमनंच गानं शे, आप्पा," ती म्हणाली. "पन तुमी बठ्ठा म्हनतस ते नही."

लूमवरच्या माणसांना हे कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. त्यांना बाईचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी बाई शोधली. शिवाय स्वतःच्या रोजच्या खाटेवर कोणी गाणं लिहील, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल. त्या जोडीदाराचं नाव इमलबाईने मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. एवढं तरी मी शिकलो.

मग मी भिकनचा कागद शोधू लागलो. तो सापडला नाही. चालीसाठी भरून घेतलेली जुनी कॅसेट तेवढी सापडण्यासारखी होती, पण आमच्या धंद्यात कोरी कॅसेट वाया घालवत नाहीत. एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं भरतो. मी एकेक कॅसेट लावत गेलो. इमलबाई उठून गेली नाही. एका कॅसेटवर पहिल्या बाजूला कानबाईची गाणी भरून टाकलेली, आणि उलटी करून लावल्यावर खटखटीच्या मागून भिकनचा आवाज आला. तीवरही गाणी भरायची म्हणून मी चिठ्ठी लावून ठेवली होती. अजून आठवडा गेला असता तर ती बाजूही पुसली गेली असती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या खोलीत माणसं बसली. तुळशीराम, त्याच्या गावचे नवागामात राहणारे दोन म्हातारे, भिकन आणि इमलबाई. पलीकडे साचे चालू होते. मी आधी कबुली दिली, की गाण्यातली रात माझी आहे, भिकनची नाही, आणि मग जुनी कॅसेट लावली. भिकनचा भसाडा आवाज खोलीत भरला. 'तुनी पाळी सरनी, मनी पाळी उनी' आलं तेव्हा म्हाताऱ्यांपैकी एक, ज्याने तीस वर्षं साचा चालवला होता, तो मांडीवर थाप मारून हसला. "आरे, हाई ते खाटनं गानं शे," तो म्हणाला. शेवटच्या ओळीला मात्र त्याने टोपी काढून हातात घेतली आणि तशीच धरून बसला.

तुळशीराम तेवढ्याने उठणारा नव्हता. त्याचा राग गेला होता, पण कुतूहल कुठे जातं? त्याने भिकनकडे वळून विचारलं, "मंग हाऊ दुसरा कोन?"

भिकन कधी नव्हे तो हळू बोलला. "काल बठ्ठा तिनं नाव इचारी ऱ्हायनात, आज त्यानं नाव. गानं काय सांगस ते कोनीच नही इचारं."

ते वाक्य तुळशीरामला होतं, पण त्यातलं निम्मं मला होतं, आणि मी ते घेतलं.

नंतरचं आधीच सांगून टाकतो. तुळशीराम दोन दिवस राहिला, वहिनीच्या हातचं जेवला आणि एकटाच गावी गेला. इमलबाईची खानावळ पुढे बरीच वर्षं चालली, मुलगी शिकली. मी त्या कॅसेटीच्या उरलेल्या नकला पुसल्या आणि भिकनच्याच आवाजात, पाळीसकट, नवी काढली. ती कोणी घेतली नाही. जुनी मात्र लोकांच्या घरांत वाजतच राहिली, कारण विकलेली कॅसेट परत मागता येत नाही. भिकन इमलबाईकडे परत जेवायला आला नाही. मी म्हटलं, आता कोण काय बोलणार आहे? तर म्हणाला, बोलणाऱ्याला गाणं लागत नाही. त्याने मला पुन्हा एकही गाणं आणून दिलं नाही. मी दोनदा मागितलं. त्याच्याकडे गाणी होती, हे मला माहीत आहे, कारण त्याच्या खिशात वहीचे कागद दिसायचे. माझ्या सगळ्या धंद्यात न भरल्या गेलेल्या त्या गाण्यांइतकं वाईट मला कशाचंच वाटत नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. भिकनचं बोलून झालं होतं. पलीकडच्या खटखटीवरून दिवस किती उरलाय ते अंगवळणी पडलेल्या माणसाला कळतं. इमलबाई उठली, पदर खोचला आणि दिराकडे बघून, दोन म्हाताऱ्यांच्या आणि दोन परक्या पुरुषांच्या समोर म्हणाली, "तुळशीरामभाऊ, तुमी बसा. पाळी सुटानी येळ व्हई ऱ्हायनी, मन्या भाकरी बाकी शेत."

आणि ती गेली. कोणी हसलं नाही, कोणी मान खाली घातली नाही, कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. नवागामातल्या बाया तो शब्द रोज दहादा बोलत होत्या. बाईच्या तोंडी शोभणार नाही म्हणून तो मी एकट्याने खोडला होता.

संपादकांनी विचारलं होतं, कोणतं गाणं कोणावर होतं. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. पण त्या गाण्यातली बाई कोण, हे आज मी सांगू शकतो. तशी कोणी नव्हती. ती मी घातली होती.